मुरलेला डोळा

दिवाळी अंकात डोळ्यांवर लेख असला की तो डॉक्टरांचाच असतो, आणि त्याच्या शेवटी हमखास एक वाक्य असते की चष्म्याच्या दुकानदाराच्या सल्ल्यावर विसंबून राहू नका. मी बेळगावच्या खडेबाजारात बत्तीस वर्षे चष्म्याचे दुकान चालवले. हे वाक्य मी दर दिवाळीला फराळाबरोबर वाचत आलो आहे. यंदा संपादकांनी मलाच लिहायला सांगितले, तेव्हा मी पहिली अट घातली की हे वाक्य माझ्या लेखाखाली चौकटीत छापायचे नाही. दुसरी अट मानधनाची होती. तिच्यावर आमचे जमले नाही. तरी लिहितो आहे, कारण एक गोष्ट चाळीस वर्षे चुकीची सांगितली जाते आहे आणि ती सांगणारे शिकलेले लोक आहेत.

माझे शिक्षण नववी. सुरुवात खडेबाजारातच एका बंद दुकानाच्या पायरीवर, पत्र्याच्या पेटीत तयार चष्मे मांडून. गिऱ्हाईक एकेक चष्मा डोळ्याला लावून समोरच्या हॉटेलची पाटी वाचायचे. ज्यातून 'उपाहारगृह' नीट दिसेल तो त्याचा. पुढे कोल्हापूरला एका दुकानात काचा घासायला शिकलो, मग नंबर काढायला शिकलो, मग त्याच पायरीमागचे दुकान भाड्याने घेतले. यात कोणाची मदत झाली नाही, हे एकदा लिहून ठेवतो.

धंदा बाहेरून दिसतो तेवढा सोपा नाही. लोकांना वाटते, दुकानदार डब्यातून काचा काढतो, 'आता बरं का मघाशी बरं' असे विचारतो आणि पैसे घेतो. विचारणे खरे आहे. पण उत्तर कोण कसे देतो यावर सगळे असते. मास्तर लोक बाकावर बसल्या बसल्या तक्त्यावरची अक्षरे पाठ करतात. म्हाताऱ्या बायका मला वाईट वाटू नये म्हणून 'दिसतंय की' म्हणतात. निपाणीचे तंबाखूवाले दिसत असले तरी सांगत नाहीत, कारण दिसले म्हटल्यावर काच महाग होईल असा त्यांचा संशय असतो. यातून खरा नंबर शोधायचा.

साखरेचा आणि डोळ्यांचा संबंध मला एका भांडणातून कळला. खानापूरचा जंगल खात्यातला एक कारकून होता. त्याला चष्मा दिला. पंधरा दिवसांनी परत आला, लांबचे दिसत नाही म्हणून. तपासले तर नंबर खरोखरच बदललेला. पदरच्या काचा घालून दिल्या. महिनाभराने पुन्हा हजर, आणि आता म्हणे पहिलाच चष्मा बरा होता. चार गिऱ्हाइकांसमोर त्याने माझी नववी काढली. मी त्याच्या खात्यातून रातोरात चालत गेलेली लाकडे काढली. दोघे दमल्यावर बाकावर बसलेला एक कंपाउंडर मला बाजूला घेऊन म्हणाला की काचा बदलण्याआधी यांची लघवी तपासायला पाठवा.

त्या काळी ही तपासणी डोळ्यांना दिसायची. परीक्षानळीत निळे औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळेच राहिले तर साखर नाही. मग हिरवे, पिवळे, नारिंगी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटेसारखे. कारकुनाचे विटेसारखे आले. रक्तातली साखर चढली-उतरली की डोळ्याच्या आतले भिंग फुगते, ओसरते, आणि नंबर तिच्याबरोबर हलतो. मी काढलेले दोन्ही नंबर बरोबर होते. हे मी त्या कारकुनाला सांगितले. त्याने माफी मागितली नाही, पण तिसऱ्या काचांचे पैसे दिले.

तेव्हापासून ज्याचा नंबर हलतो त्याला मी विचारू लागलो की रात्री लघवीला किती वेळा उठता. एका हेडमास्तरांनी हा प्रश्न पत्नीसमोर विचारल्याबद्दल मला माफी मागायला सांगितले. मी मागितली नाही. नंतर त्यांना साखर निघाली. त्यांनीही मागितली नाही. अशी किती माणसे मी दवाखान्यात धाडली त्याची नोंद मी ठेवली नाही. दवाखान्यांनीही ठेवली नाही.

पण हे झाले आतल्या भिंगाचे. साखर बाहेरच्या काचेलाही सोडत नाही हे मला ठाऊक नव्हते. ज्या माणसासाठी हा लेख लिहायला बसलो त्याची गोष्ट बाहेरच्या काचेची आहे.

घड्याळाच्या तबकडीवर फुगीर काच असते तशी बुबुळावर एक पारदर्शक काच असते. डॉक्टर तिला कॉर्निया म्हणतात. तिच्यात रक्ताची एकही शीर नाही, म्हणून आरपार दिसते. मात्र जाणिवेच्या तंतूंनी ती गच्च भरलेली असते. धुळीचा कण अंगावर कुठेही बसला तर पत्ता लागत नाही, पण तिथे बसला की माणूस चालती बस थांबवतो. तो त्रास म्हणजे डोळ्याची राखण आहे. टोचले की पापणी मिटते, पाणी येते, घाण वाहून जाते. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा पाणी येणे म्हणजे माझ्या धंद्यातली अडचण होती.

कारण ऐंशीच्या आसपास मी कॉन्टॅक्ट लेन्स बसवायला लागलो होतो. पुण्यात महिनाभर राहून शिकलो आणि बुबुळाची गोलाई मोजायचे जुने यंत्र घासाघीस करून आणले. त्या लेन्स कडक प्लॅस्टिकच्या, शर्टाच्या बटणाहून लहान. बोटाच्या टोकावर घेऊन थेट त्या बाहेरच्या काचेवर ठेवायच्या. पहिल्यांदा ठेवली की माणूस रडायचाच. खुर्चीचे हात धरायचा, देवाचे नाव घ्यायचा. एका नवऱ्या मुलीने माझा हातच चावला होता. हळूहळू सवय व्हायची. पुण्यात मला शिकवले की डोळ्याला पाणी जितके कमी, तितकी लेन्स चांगली बसली. म्हणजे बसवणारा तितका कसबी. हे मला लगेच पटले.

आता अण्णाप्पा मगदूम.

हा निपाणीचा. वय पन्नाशीच्या आतबाहेर, बांधा आडवा, आवाज बाजारातला. विडीच्या तंबाखूची पारख करणे हे त्याचे काम. ढिगातून पान उचलायचे, उजेडात धरायचे, रंग बघायचा, पानावरचे ठिपके बघायचे आणि भाव सांगायचा. विकणारा आणि घेणारा दोघेही त्याच्या शब्दावर सौदा करत. त्याची सगळी कमाई दोन डोळ्यांवर होती आणि त्या दोन डोळ्यांवर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचा होत्या. त्या मीच घातलेल्या.

त्याची अडचण वेगळीच होती. वखारीत तंबाखू चाळतात तेव्हा भुकटी उडते आणि चष्म्यावर बसते. दर पाच मिनिटांनी चष्मा काढून पुसावा लागतो.

"पुसाय काढला की समोरचा पान बदलतोय ओ," तो म्हणाला. "तेवढ्यात. म्या आंधळा हाय हे साऱ्या निपाणीला म्हाईत झालंय."

लेन्सविषयी त्याने कुठेतरी ऐकले होते. मी त्याला सगळे समजावून सांगितले, रडण्यासकट. तो हसला. निपाणीच्या वखारीत नवीन माणूस महिनाभर रडतो, शिंकतो, डोळे चोळतो. मग सवय होते, पण पाणी पूर्ण थांबत नाही. चाळणीवर बसणाऱ्या बायकांचे डोळे जन्मभर लाल असतात. मगदूमचे डोळे मात्र गेली काही वर्षे भुकटीत उघडे राहत आणि त्यांना पाणी येत नसे. अशा डोळ्याला तिथे 'मुरलेला डोळा' म्हणत. तो मोठा मान होता. मुरलेल्या डोळ्याचा माणूस तंबाखूत फसत नाही अशी समजूत होती आणि शेतकरी त्याला थोडे दबकूनच असत.

भाव ठरवायला पावणेदोन तास लागले. मी बेळगावात कोणापुढे हार खाल्लेली नाही, पण हा माणूस गप्प बसून भाव पाडायचा. मी आकडा सांगितला की तो बाहेर रस्त्याकडे बघत बसायचा. शेवटी दोन गोष्टी ठरल्या. लेन्स धुवायच्या औषधाची बाटली त्याने सौद्यातून काढून टाकली. "थुकी फुकट हाय," असे त्याचे म्हणणे. तेव्हा बरेच जण लेन्स जिभेला लावून डोळ्यात घालत, म्हणून मीही ताणले नाही. दुसरी गोष्ट मी मागितली. शनिवारी तो बाजाराला बेळगावला येतच असे. त्याने दर शनिवारी तासभर दुकानात बसायचे आणि नव्या गिऱ्हाइकांना लेन्स कशी घालतात ते स्वतःच्या डोळ्यावर दाखवायचे. त्या बदल्यात मी शेवटचा आकडा सोडला.

त्याआधी एक प्रश्न मी विचारला होता, हे लिहिले पाहिजे. त्याचाही नंबर मागच्या दोन वर्षांत हलला होता. मी रात्री उठण्याबद्दल विचारले. साखर होती, तो म्हणाला, पण एका वैद्याच्या चूर्णाने गेली. मला लेन्स विकायची होती. मला ते पटले.

पहिल्यांदा लेन्स ठेवली तेव्हा मी रुमाल घेऊन तयार होतो. मगदूम खुर्चीत चहा प्यायला बसल्यासारखा बसला होता. पापणीसुद्धा हलली नाही. दुसरी ठेवली. तेच. मी विचारले, टोचते का? "काय टोचायचं?" तो म्हणाला. "घातली का अजून?"

माझ्या हाताला इतकी सफाई आली हे बघून मला भरून आले. त्या दिवशी मी घरी पेढे नेले.

शनिवार सुरू झाले. मगदूम मधल्या खुर्चीवर बसायचा आणि लोक भोवती उभे. लेन्स काढायचा, जिभेला लावायचा, डोळ्यात ठेवायचा. मग न विचारता आणखी एक गोष्ट करायचा. उघड्या डोळ्यात लेन्सवर बोटाच्या नखाने टकटक वाजवून दाखवायचा. बायका तोंड फिरवायच्या. कॉलेजची पोरे पुन्हा करायला सांगायची. मी मागे उभा राहून म्हणायचो, फिटिंग नीट असले की असे असते. त्या पावसाळ्यात माझ्याकडे जेवढ्या लेन्स खपल्या तेवढ्या पुढे कधी खपल्या नाहीत. इतरांचे डोळे मात्र रडतच राहिले. त्यांना मी सांगायचो, सवय होईल, मगदूम अण्णांना बघा.

एका शनिवारी तो बायकोला घेऊन आला. सुशीलाक्का त्यांचे नाव. कमी बोलणाऱ्या बाई, पण त्या दिवशी आल्या आल्या म्हणाल्या की ह्यांचा डावा डोळा लाल झालाय, सकाळी उशीला चिकटतो, आणि हे ऐकत नाहीत.

"दुखत न्हाय तर बघायचं काय?" मगदूम म्हणाला. "भुकटीनं लाल हुतोय."

"दुखाय पायजे की," आक्का म्हणाल्या. "ह्यास्नी कायच दुखत न्हाय आताशा. गेल्या म्हैन्यात चपलंतला खिळा पायात शिरला. साऱ्या घरात रगात, आणि हे मलाच इच्यारत्यात, काय सांडलंईस गं?"

चार गिऱ्हाइके होती, ती हसली. मगदूमही हसला. मी त्याच्यासमोर बसून लेन्स काढली आणि भिंग लावून डोळा बघितला. बुबुळावर मोहरीएवढा पांढरट ठिपका होता. भोवती धुरकट. अशा जागी एवढा व्रण असेल तर माणूस उजेडाकडे तोंड करू शकत नाही, भिंतीला डोके आपटतो. मगदूम माझ्या भिंगातून माझ्याकडे बघत होता आणि आज किती गिऱ्हाईक आहे ते विचारत होता.

मी कापसाची एक बारीक वात वळली आणि बाजूने आणून त्याच्या बुबुळाला लावली. जिवंत माणसाची पापणी याला मिटते, मिटू नको म्हटले तरी मिटते. त्याची मिटली नाही. उजव्या डोळ्याला लावली. तिथली पापणीही जेमतेम हलली.

"काय करतायसा?" तो म्हणाला.

"काही लागलं का डोळ्याला?"

"न्हाय बा."

हे सगळे मी एका मिनिटात समजलो असे म्हणणार नाही. पण खिळा आणि कापूस यांची जोड लागली. माझ्या हाताला सफाई आली नव्हती. त्याचा डोळा बधिर झाला होता. गिऱ्हाइकांना तसेच ठेवून मी शटर ओढले, दोघांना रिक्षात घातले आणि कॅम्पात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. वाटेत मगदूम विचारत होता की आजचा शनिवार धरणार की नाही.

डॉक्टर धारवाडकडचे. नर्सशी कानडीत, आमच्याशी मोजक्या मराठीत. त्यांनी नारिंगी कागदाची पट्टी डोळ्याला लावली आणि निळा दिवा टाकला. जिथे वरची साल गेली होती तिथे हिरवे चमकले. ठिपक्याहून पुष्कळ मोठे. मग त्यांनीही कापूस वळला. मी सांगितले की मी ते केले आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा केले.

मग त्यांनी मगदूमला समजावले ते मला आजही पाठ आहे. साखर बरीच वर्षे रक्तात राहिली की पायाचे तंतू मरतात तसे बुबुळावरच्या काचेचेही मरतात. मग टोचलेले कळत नाही, पापणी कमी मिटते, पाणी कमी येते. वरची साल खालच्या थराला घट्ट धरत नाही, जरा घासले की निघते. आणि निघालेली लवकर भरत नाही. तुमचा डोळा मुरलेला नाही, तो झोपला आहे, आणि त्या झोपेत लेन्सने त्याला ओरबाडले, थुंकीने आणि भुकटीने जंतू दिले. तिथेच लघवी तपासली, परीक्षानळी विटेसारखी आली.

"डोळा ऱ्हाईल का?" सुशीलाक्कांनी विचारले.

डॉक्टर म्हणाले, डोळा राहावा म्हणून बघतो. नजरेचे मग बघू. उजव्या डोळ्याचीही खात्री आज देत नाही.

मगदूमने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. मग खिडकीतून रस्त्याकडे बघत बसला. भाव पाडताना तो असाच बसायचा.

त्याला दाखल केले. तासातासाला औषधाचे थेंब, दंडात इन्सुलिन. तीन आठवड्यांनी जंतू मेले, पण साल धरेना. चार दिवस भरल्यासारखे दिसायचे, पाचव्या दिवशी निळ्या दिव्यात पुन्हा हिरवे. शेवटी डॉक्टरांनी डाव्या डोळ्याच्या पापण्या बाहेरच्या कोपऱ्यात एकमेकींना शिवून टाकल्या. डोळा झाकून ठेवायचा, की तो आपला आपण भरेल. साखर ताब्यात ठेवायची आणि वाट बघायची. किती, ते सांगता येत नाही. निपाणीत तोवर दुसरा माणूस ढिगावर उभा राहून पान उजेडात धरू लागला होता.

त्याला घरी सोडल्यापासून मी दर रविवारी निपाणीला जाऊन येत होतो. बसायचो, चहा व्हायचा. आक्का त्याला बिनसाखरेचा द्यायच्या आणि मला साखरेचा, आणि तो माझ्या कपाकडे बघायचा. दोष त्याने दिला नाही. त्याने दिला असता तर मला भांडता आले असते.

दोष दुसऱ्यानेच दिला. पापण्या शिवून महिना झाला असेल. एका शाळेच्या सभागृहात डॉक्टरांचे डोळ्यांच्या निगेवर व्याख्यान होते. मी तिसऱ्या रांगेत होतो. मधुमेह आणि डोळा यावर ते बोलले आणि म्हणाले, आपल्याच गावात एका चष्म्याच्या दुकानदाराने मधुमेही माणसाचा बधिर डोळा दर शनिवारी लोकांना जाहिरातीसारखा दाखवला. नाव घेतले नाही. गरज नव्हती. माझ्या पुढच्या दोन रांगांनी वळून बघितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दवाखान्यात होतो. बाहेर बसलेल्यांना ऐकू जावे इतक्या मोठ्याने बोललो. म्हणालो, त्याला तुमच्याकडे आणला कोणी? दुकान बंद करून, त्याच तासाला? कापूस आधी कोणी लावला? ते का नाही सांगितलंत?

डॉक्टर हात धूत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "खरं आहे. तुम्हीच आणलात. उशीर झाला असता तर डोळा काढावा लागला असता. पुढच्या वेळी तेही सांगीन. अकरा शनिवार झाले, तेही सांगू ना?"

"नऊ," मी म्हणालो. "एक शनिवार गाव बंद होतं, एक शनिवार मला ताप होता."

त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली. मी जिना उतरलो. खाली रस्त्यावर आल्यावर मला कळले की वर मी भाव करत होतो.

तरी माझी तक्रार तशीच आहे. डॉक्टरांनी पुढे कितीतरी व्याख्याने दिली, वर्तमानपत्रात लिहिले. त्यात शनिवार असायचे. कापूस कधी आला नाही. दोन्ही सांगायचे त्यांनी कबूल केले होते आणि मी दोन्ही सांगतो आहे. त्यानंतर माझ्या दुकानात कापूस लावल्याशिवाय एकही लेन्स गेली नाही. ज्याचा डोळा रडत नसे त्याला मी परत पाठवायचो, आणि तो समोरच्या गल्लीत जाऊन घ्यायचा. त्या गल्लीत नवे दुकान झाले होते. कसब दाखवायला त्यांना असे डोळे हवेच होते. मी दोनदा जाऊन तिथे भांडलो. त्यांनी डॉक्टरांचे व्याख्यान मला ऐकवले.

पापण्यांचे टाके काढायचे ठरले तेव्हा मगदूमने मला निरोप धाडला नव्हता. सुशीलाक्कांनी धाडला. मी पोचलो तोवर टाके कापून झाले होते. तो दिव्यासमोर बसला होता, डावा डोळा मोकळा. डॉक्टरांनी नारिंगी पट्टी लावली, निळा दिवा टाकला, बराच वेळ पाहिले. हिरवे कुठे चमकले नाही. साल धरली होती. पण बरोब्बर मधोमध पांढरे फूल पडले होते. ते मला दारातून दिसले.

डॉक्टरांनी त्याच्या उजव्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबला आणि मला खुणेने आत बोलावून त्याच्यासमोर चार हातांवर उभे केले. मगदूमची डावी बाजू दाराकडे होती, मी आलो हे त्याला ठाऊक नव्हते. मग त्यांनी विचारले.

"काय दिसतं?"

"उजेड हाय." तो थांबला. "माणूस हाय एक."

"कोण?"

तो पुढे झुकला. पान उजेडात धरताना झुकायचा तसा. मान डावीकडे, मग उजवीकडे.

"त्वांड लागंना," तो म्हणाला.

डॉक्टरांनी मला बोलायची खूण केली. आवाजावरून ओळखेल तर ओळखू दे, त्याला धीर येईल, असे त्यांच्या मनात असावे. मी दिवसाचे दहा तास बोलून पोट भरलेला माणूस. सुशीलाक्का भिंतीशी उभ्या होत्या, त्या माझ्याकडे बघत होत्या. मला त्याला हाक मारायला काहीच अडचण नव्हती.

मगदूमने वाट बघितली. मग डॉक्टरांना म्हणाला, "कोण का असंना. आमचा चष्मेवाला तर न्हवं. त्यो एवढा येळ गप ऱ्हात न्हाय."

डॉक्टरांनी तळहात उचलायच्या आत मी बाजूला झालो.